आपण शाळा सोडली त्या वर्षी रुपयाने पौंड सोडला

(१९७५ च्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, मे महिन्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलायला सांगितले तेव्हा एकच अट घातली. आठवणी सांगायच्या नाहीत, त्या सांगणारे पुष्कळ आहेत. तू जन्मभर जे काम केलेस त्यातले काहीतरी सांग. मी बँकेत नोकरी केली आणि त्यातला बराच काळ परकीय चलन विभागात गेला. तेव्हा विषय ठरवायला वेळ लागला नाही. खरे म्हणजे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपनेच तो ठरवून ठेवला होता. दर १५ ऑगस्टला न चुकता एक संदेश येतो : ‘१९४७ साली एक डॉलर म्हणजे एक रुपया होता. आज ८५. विचार करा!’ खाली कोणी रडका चेहरा टाकतो, कोणी हात जोडतो आणि दोन दिवस राजकारण चालते.

मी विचार केला. आज तुमच्यासमोर तोच मांडते.

पहिली गोष्ट, हा संदेश खोटा आहे. गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून पायऱ्या गाळत नाही. १९४७ साली रुपया डॉलरला बांधलेला नव्हता, तो इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स. एका पौंडात २४० पेन्स. २४० भागिले १८, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये आणि वर एक तृतीयांश. पौंड तेव्हा ४.०३ डॉलरचा होता. भागाकार करा : एक डॉलर सुमारे ३ रुपये ३१ पैसे. त्याच्याही मागे गेलात, १८७० च्या आधी चांदी महाग होती आणि रुपया जवळजवळ २ शिलिंगांचा होता तेव्हाही डॉलरला दोनेक रुपये पडतच होते. एकास एक असा काळ ना इंग्रजांच्या राज्यात होता, ना नंतर.

‘देशावर परकीय कर्ज नव्हते म्हणून रुपया डॉलरइतका होता’ असेही त्या संदेशात पुढे असते. कर्ज नव्हते हे बऱ्याच अंशी खरे. उलट युद्धकाळात आपण पुरवलेल्या मालापोटी इंग्लंडच आपले देणे लागत होते. पण दराचा त्याच्याशी संबंध नव्हता. दर लंडनच्या सोयीने ठरला होता.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आकडा लहान म्हणजे देश मोठा, असे आपण मनात धरून चालतो. प्रगतिपुस्तकातले गुण असावेत तसे. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मिळत. म्हणजे आपला ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर धरला तर १९६० च्या सुमारास एका रुपयाला ७५ येन पडत. त्याच काळात जपान जहाजे, कॅमेरे, रेडिओ बनवून जगभर विकत होता, आणि आपण परदेशी गव्हाच्या बोटीची वाट पाहत होतो. त्या ७५ येनांचा अभिमान कोणाला वाटल्याचे मी कुठे वाचलेले नाही. एकके वेगळी असली की आकड्यांची तुलना करू नये, हे आपल्याला पाचवीतच शिकवले होते.

मग पाहायचे काय? दर कोणत्या कारणाने हलला, किती झपाट्याने हलला, आणि त्याचा भार कोणाच्या डोक्यावर बसला. मी बँकेत शिकले ते एवढेच. यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका माणसाने विचारला होता.

बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. रिझर्व्ह बँक त्या पुस्तकातूनच निघाली असे सरसकट म्हटले जाते. मी तेवढे म्हणणार नाही. पण पुस्तकातला मुद्दा आजही तसाच उभा आहे. रुपयाची बाहेरची किंमत बांधून ठेवून भागत नाही, देशात त्या रुपयाला किती माल मिळतो ते स्थिर हवे. आतली किंमत ढासळली की बाहेरची ढासळणारच, असे ते सांगत होते. पुढे हिल्टन यंग आयोग आला तेव्हा रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा ठेवायचा की ६ पेन्सचा, यावर देशभर वाद पेटला होता. मुंबईचे गिरणीमालक, सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास वगैरे मंडळी ४ पेन्सच्या, म्हणजे स्वस्त रुपयाच्या बाजूने होती आणि तीच राष्ट्रीय भूमिका मानली जात होती. बाबासाहेबांनी आयोगापुढे साक्ष देताना वेगळेच बोट ठेवले. रुपया स्वस्त झाला की भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. तेव्हा व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो परदेशातून येत नाही, तो इथल्याच मजुराच्या खिशातून येतो. १९२७ साली दर ६ पेन्सवर ठरला आणि तोच स्वातंत्र्यापर्यंत चालला. वाद विसरला गेला, पण ‘कोणाच्या खिशातून’ हा प्रश्न मी पुढे प्रत्येक अवमूल्यनात पाहिला.

१९४९ साली इंग्लंडने पौंडाची किंमत ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणली. आपणही मागोमाग गेलो आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा झाला. पाकिस्तान गेला नाही. त्यामुळे दोन देशांतला व्यापारच अडकला आणि कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांना पूर्व बंगालचा ताग मिळेना. ते वाचण्यासारखे प्रकरण आहे, पण आज ते सोडून देते.

१९६६ चे सोडून चालणार नाही. आपण तेव्हा बिगरीत-पहिलीत होतो. दोन युद्धे झालेली, १९६५ चा पाऊस दगा देऊन गेलेला, अमेरिकेची मदत थांबलेली, गहू पीएल-४८० चा. ६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलर ४.७६ वरून ७.५० वर नेला. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन सहा महिनेही झाले नव्हते. वर त्या वर्षीही पावसाने पाठ फिरवली. अवमूल्यनाने निर्यात वाढायला विकायला माल हवा, तोच नव्हता. त्या अनुभवाने ‘अवमूल्यन’ हा शब्द आपल्या राजकारणात शिवीसारखा झाला आणि पुढची २५ वर्षे कोणत्याही सरकारने तो तोंडातून काढला नाही.

पण मला सांगायची आहे ती १९६६ ची दुसरी गोष्ट, कारण ती आपल्या खाडीपट्ट्याची आहे. या सभागृहात निदान दहा-बाराजण असे आहेत ज्यांची उमेद दुबई, शारजा, कुवेत, मस्कत इथे गेली. तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की ज्या देशांत तुम्ही दिरहम आणि रियाल कमावले, तिथे एके काळी आपला रुपयाच चालत होता? कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडे. त्यातून एक भानगड झाली. तिकडून सोने चोरून इकडे यायचे, त्याची किंमत रुपयांच्या नोटांत तिकडे जायची, आणि तिकडच्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेला परत देऊन तिच्याकडून पौंड घ्यायच्या. म्हणजे चोरट्या सोन्याचे पैसे शेवटी सरकारच परकीय चलनात भरत होते. यावर उपाय म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. किंमत तीच, पण त्या भारतात चालत नसत. कुवेतने १९६१ साली आणि बहारीनने १९६५ साली स्वतःचे चलन काढले. बाकीचे राहिले होते, तोवर १९६६ चा जून आला. रात्री झोपताना हातात असलेला पैसा सकाळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हलका झाला, तोही दिल्लीतल्या निर्णयाने! ते कशाला थांबतील? कतार आणि दुबईने मिळून रियाल काढला आणि त्याची किंमत ठेवली अवमूल्यनाआधीच्या रुपयाइतकी. १९७३ साली अमिरातीने दिरहम काढला, तो याच रियालास एकास एक.

म्हणजे काय झाले पाहा. आजचा दिरहम हा आपल्याच जुन्या रुपयाचा वंशज आहे, घर सोडून गेलेला भाऊ म्हणा. १९६६ च्या मेमध्ये दोघे सारखे होते. आपण शाळा सोडली तेव्हा दिरहम दोन-सव्वादोन रुपयांचा झाला होता. मे २०२५ मध्ये तो २३ रुपयांचा होता. हा फरक कुठून आला? तेल, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की त्यांनी दिरहम डॉलरला बांधून घेतला आणि ते बंधन पाळण्याइतके डॉलर त्यांच्याकडे सतत येत राहिले. आपल्याकडे तसे नव्हते. जे आपल्याकडे नव्हते ते आहे असे भासवण्याची किंमत आपण पुढे पुष्कळ वर्षे मोजली.

आता १९७५. मार्चमध्ये आपण बोर्डाची परीक्षा दिली, जूनमध्ये आणीबाणी आली, ते सर्वांना आठवते. २५ सप्टेंबरला रुपयाने पौंडाचा हात सोडला, ते कोणालाच आठवत नाही. पौंड स्वतःच घसरत होता आणि त्याच्या हाताला धरून आपणही खाली जात होतो. म्हणून रुपया अनेक चलनांच्या टोपलीला जोडला गेला. टोपलीत कोणते चलन किती, हे गुप्त होते. डॉलर त्या वर्षी आठ-नऊ रुपयांच्या दरम्यान होता.

१९६६ ते १९८० या १४ वर्षांत डॉलर ७.५० वरून ७.८६ वर गेला, बस एवढेच. या काळाकडे बोट दाखवून लोक म्हणतात, पाहा, तेव्हा रुपया कसा ताठ होता! आणि तेव्हा आपल्या घरी काय चालले होते? १९७२ चा दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो, सुकडी, रॉकेलची रांग. भाव १४ वर्षांत अडीच पटींच्या आसपास चढले. तरी दर हलला नाही, कारण अमेरिकेतही त्याच काळात भाव अडीच पट झाले होते. तेलाच्या भडक्याने दोघेही सारखेच पोळले, म्हणून दोघांतले अंतर वाढले नाही. बाबासाहेबांचा मुद्दा इथे उलट बाजूने सिद्ध होतो : दर पाहायचा तर दोन्हीकडची महागाई शेजारी शेजारी ठेवावी लागते.

आणि तो ताठपणा टिकवायला कुंपण केवढे होते! १९७३ चा ‘फेरा’ कायदा. घरात परदेशी नोट सापडली तर गुन्हा. आपल्या आधीच्या बॅचमधली जी हुशार मुले शिकायला अमेरिकेला गेली त्यांना विमानात बसताना खिशात फक्त ८ डॉलर नेता येत. आज तुमचा नातू जातो तेव्हा एका वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा आहे. आखातातून पैसे पाठवणाऱ्याला बँकेचा दर एक आणि हुंडीवाल्याचा त्याहून चांगला. मग तो कुठे जाईल? बँकेत बसून मी हे रोज पाहत होते. काउंटरवर येऊन माणूस दर विचारायचा, ‘बरं’ म्हणायचा आणि निघून जायचा. त्याला नियम सांगून उपयोग नव्हता. घरी पत्र्याखाली राहणाऱ्या आईला दोनशे रुपये जास्त पोचत असतील तर तो तेच करणार.

१९८० नंतर रुपया सैल सुटला. सरकारचा खर्च वाढला, तो कर्जाने भागवला गेला, कर्ज परदेशातूनही आले. दर दिवशी थोडाथोडा उतरवला जायचा, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये असा. १९९० मध्ये डॉलर साडेसतरावर होता.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर चाल केली. आपल्यापैकी काहीजण, काहींचे भाऊ, तेव्हा तिथे होते. अम्मानपर्यंत बसने आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने आलेले. महिन्याभरापूर्वी जगातल्या सर्वांत महाग चलनांपैकी एक असलेल्या कुवेती दिनारच्या नोटा घेऊन माणसे आमच्या काउंटरवर यायची आणि आम्हाला त्या घेता यायच्या नाहीत. देशच राहील की नाही हे ठाऊक नसताना त्याच्या नोटेला दर कोण देणार? एक गृहस्थ शांतपणे नोटा पुन्हा रुमालात बांधून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला जास्त लागले. चलनाची किंमत म्हणजे काय हे मला त्या दिवशी जेवढे कळले तेवढे कोणत्याही प्रशिक्षणात कळले नाही.

तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासींनी ठेवी काढायला सुरुवात केली. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात २० टन सोने विकायला परदेशी गेले, जुलैत आणखी ४७ टन गहाण म्हणून. जुलैच्या १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. मनमोहन सिंग अर्थमंत्री होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पहिल्या टप्प्यानंतर पंतप्रधान नरसिंह रावांना धाकधूक वाटू लागली आणि दुसरा टप्पा थांबवता येईल का अशी विचारणा झाली. रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन गेला तेव्हा घोषणा होऊन गेली होती. २१ चा डॉलर २६ च्या जवळ गेला.

सोने गेले याचे दुःख मलाही झाले. पण त्यानंतर काय झाले ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मार्च १९९२ मध्ये दोन दरांची पद्धत आली : आणलेल्या परकीय चलनाचे ४० टक्के सरकारी दराने, ६० टक्के बाजाराच्या. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, दोन्ही एक झाले आणि दर बाजारावर सोपवला गेला. डॉलर ३१ रुपये ३७ पैसे. दर विचारून निघून जाणारी माणसे हळूहळू काउंटरवर थांबायला लागली. हुंडीवाल्याला देण्यासारखे फार उरले नव्हते.

आता सर, तुमच्या आवडीचे, चक्रवाढीचे गणित. १९८० ते १९९३, दर सरकारच्या हातात असताना, ७.८६ चे ३१.३७ झाले. १३ वर्षांत चौपट, म्हणजे वर्षाला अकरा टक्क्यांहून थोडी जास्त घसरण. १९९३ पासून मे २०२५ पर्यंत, दर बाजाराच्या हातात असताना, ३१.३७ चे ८५. ३२ वर्षांत पावणेतीन पटींच्या आत, म्हणजे वर्षाला तीन-सव्वातीन टक्के. ज्याला आपण ‘रुपया वाऱ्यावर सोडला’ म्हणतो त्या काळात तो तिपटीने हळू घसरला आहे. आणि या काळात आपल्याकडची महागाई वर्षाला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेतली अडीच. फरक साडेतीनचा. म्हणजे महागाईच्या हिशेबाने रुपया जेवढा उतरायला हवा होता तेवढाही उतरलेला नाही. रिझर्व्ह बँक ४० देशांच्या चलनांशी तुलना करून, महागाई धरून, एक निर्देशांक काढते. २०२४ साली तो १०० च्या बराच वर होता. रुपया नीचांकाला, अशी ठळक बातमी आली त्याच दिवसांत तो तसा महागच होता.

आणि रुपया वधारला तर आपण पेढे वाटतो का? २००७ साली डॉलर ३९-४० वर आला होता. तेव्हा तिरुपूरचे कापडवाले आणि संगणक कंपन्या सवलती मागायला दिल्लीत गेल्या होत्या.

हे सगळे ऐकून रुपया घसरला की काहीच बिघडत नाही, असे मात्र घेऊ नका. बिघडते. हळू घसरण पचते, एकदम आलेली पचत नाही. आणि ज्याची कमाई रुपयात आणि देणे डॉलरमध्ये, त्याला ती कधीच पचत नाही. याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. इथून अंजनवेलची चिमणी दिसते.

दाभोळ वीज प्रकल्पाचा करार वीज मंडळाने केला तो डिसेंबर १९९३ मध्ये. डॉलर ३१ रुपयांवर होता. विजेच्या दरातला मोठा भाग डॉलरला बांधलेला होता. मंडळाची वसुली कुठून? तुमच्या-माझ्या घरच्या मीटरमधून, शेतकऱ्याच्या पंपातून, रुपयात, तीही पूर्ण होत नव्हती. वीज सुरू झाली मे १९९९ मध्ये, तेव्हा डॉलर ४३ च्या जवळ. २००१ मध्ये ४६-४७. म्हणजे दुसरे काहीही बदलले नसते तरी त्या भागाचे बिल दीडपट झाले असते. प्रत्यक्षात आणखी पुष्कळ बदलले होते : नाफ्था महागला होता, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचाच होता. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. त्या प्रकल्पावर आपल्यात दोन तट होते, अजून आहेत, मी त्यात शिरत नाही. आंदोलनात कोण बरोबर होते ते बाजूला ठेवा. पण चलनाचा सगळा धोका रुपयात कमावणाऱ्याच्या गळ्यात आणि डॉलरवाला मोकळा, ही वाटणी वाईट होती. माझ्या विभागातल्या कनिष्ठ कारकुनालाही ते कळले असते.

तीच वाटणी आपण घरात करत असतो म्हणून हे सांगितले. २०१३ सालची गोष्ट घ्या. मे महिन्यात डॉलर ५४ च्या आसपास होता. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बाजारात ओतलेला पैसा आवरता घेण्याचे नुसते सूतोवाच केले आणि २८ ऑगस्टला आपला डॉलर ६८ च्या वर गेला. ज्या बापाला ऑगस्टमध्ये मुलीची २० हजार डॉलर फी भरायची होती, त्याचे १० लाख ८० हजारांचे १३ लाख ६० हजार झाले, तीन महिन्यांत, त्याची काहीही चूक नसताना. असे पालक समोर बसून विचारायचे, थांबू का, उतरेल का? मी कधीच ‘थांबा’ म्हणाले नाही. उद्याचा दर मला माहीत नव्हता, त्यांना नव्हता, आणि खरे तर गव्हर्नरांनाही नसतो. फीची तारीख मात्र सर्वांना माहीत होती. ज्यांनी एप्रिलपासून थोडेथोडे डॉलर घेऊन ठेवले होते ते शांत होते.

आपल्या तालुक्यातच पाहा ना. हापूस परदेशी पाठवणारा म्हणतो डॉलर चढू दे. काजूचा कारखानावाला म्हणतो उतरू दे, कारण कारखाना वर्षभर चालवायला त्याला आफ्रिकेतून कच्ची बी आणावी लागते आणि तिचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाची आई एक म्हणते, स्कूटरमध्ये पेट्रोल भरणारी तिची सून दुसरे म्हणते. एकाच घरात दोन मते, आणि दोन्ही बरोबर.

गेले दोन दिवस मला जो तो गाठून विचारतो आहे, डॉलर १०० होणार का? होईल. डिसेंबर २०२४ मध्ये ८५ ओलांडले, फेब्रुवारी २०२५ मध्ये ८८ च्या उंबऱ्यावर गेला, मे २०२५ मध्ये पुन्हा ८५ च्या आसपास होता. तिथून आतापर्यंतच्याच चालीने गेला तर १०० व्हायला पाच-सहा वर्षे. मध्ये एखादे युद्ध, तेलाचा भडका आला तर आधी. त्या दिवशी वर्तमानपत्रे पानभर मथळे देतील आणि आपल्या ग्रुपवर रडके चेहरे येतील. त्या दिवशी तुम्ही पाहायचे ते आकड्याकडे नाही. १०० ला पोचायला किती दिवस लागले ते पाहा. वर्षे लागली असली तर चहा प्या. तीन महिने लागले असले तर कोणीतरी कुठेतरी बुडतो आहे, आणि तो बहुतेक रुपयात कमावणारा असेल.

दुसरा प्रश्न, मुलगा म्हणतो पैसे तिकडेच ठेवा, डॉलर वाढतो. वाढतो, पण २०२५ च्या सुरुवातीला तिकडची ठेव साधारण चार टक्के देत होती आणि इकडची सात. तो तीन टक्क्यांचा फरक म्हणजे बाजाराने आधीच धरून ठेवलेली रुपयाची घसरण. फुकट कोणी काही देत नाही. म्हणून माझे उत्तर साधे असते : म्हातारपण जिथे काढायचे, औषधे जिथे घ्यायची, तिथल्या चलनात पैसे ठेवा. नातवाला तिकडे शिकवायचे असेल तर त्याच्या फीपुरते डॉलर वेगळे, आतापासून, थोडेथोडे. आणि शिक्षणाचे कर्ज काढताना पहिल्या वर्षाच्या दराने चारही वर्षांचा हिशेब मांडू नका. दर वर्षाला तीन-चार टक्के वर धरा, शिवाय एखाद्या वर्षी २०१३ आले तर काय, तेही कागदावर लिहा. बँकेतला माणूस हे सांगेलच असे नाही, त्याला कर्ज द्यायचे असते.

संयोजक मघापासून घड्याळ दाखवत आहेत आणि आतून मोदकांचा वास यायला लागला आहे. ज्यांच्याकडे जुन्या, आखातात चालणाऱ्या त्या वेगळ्या रंगाच्या नोटा अजून पेटीत असतील त्यांनी जेवताना मला भेटा. विकत घ्यायला नाही, नुसत्या पाहायला.